महारोग हा शब्द मी उच्चारला

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचायचे की नाही हे ज्याचे त्याला ठरवता येईल. माझ्या थोरल्या वहिनीला महारोग नव्हता. कधीच नव्हता. तो मला झाला, सत्तरी उलटल्यावर, आणि औषधाने बरा झाला. आमच्या वाडीत ही गोष्ट उलटी सांगतात. रोग वहिनीचा, तिने तो घरात आणला आणि इतक्या वर्षांनी त्याने म्हाताऱ्याला धरले, अशी. ती उलटी गोष्ट मी तयार केलेली आहे आणि ती मोडायला माझ्याशिवाय कोणी उरलेले नाही.

ज्यांना नुकतेच हे निदान झाले आहे त्यांच्यासाठीही हे लिहितो आहे. गोळ्यांची माहिती दवाखान्यात मिळते. बाकीची मिळत नाही.

डोळे मिटा

आमचे घर देवबागला, खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर. मुलगा प्रसाद पुढच्या खोल्या पर्यटकांना देतो. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. पत्नी जाऊन बरीच वर्षे झाली. निवृत्तीनंतर सुनेला, मेधाला, स्वयंपाकात मदत करू लागलो होतो, कारण पाहुण्यांची गर्दी असली की तिला दोन हात पुरत नाहीत.

एका सकाळी मी भाताचे टोप उतरवत होतो. मेधा म्हणाली, "बाबा, कसलो वास येता?"

मीही वास घेतला. काहीतरी करपत होते. ती माझ्या डाव्या हाताची करंगळी होती, टोपाला टेकलेली. मला काहीच लागत नव्हते. मेधाने हात ओढून नळाखाली धरला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या आले नाही, आणि मला भीती वाटली ती तेव्हा.

तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, घाटावरची. तिने हातावरचा फिकट चट्टा पाहिला. तो मला वर्षभर दिसत होता, मी त्याला ऊन समजत होतो. कोपराजवळची नस तिने बोटांनी चाचपली. मग म्हणाली, "काका, डोळे मिटा. मी कापसाने हाताला स्पर्श करीन. जिथे कळेल तिथे बोट ठेवून दाखवा."

मी डोळे मिटून बसलो. ती कधी सुरुवात करते याची वाट पाहत राहिलो.

"झालं काका. उघडा डोळे."

निदानाचा क्षण कुणी विचारला तर मी हा सांगतो. पुढे ती जे बोलली ते नुसते नाव होते.

"कुष्ठरोग आहे. वर्षभर गोळ्या घ्यायच्या. पूर्ण बरा होतो. आणि औषध सुरू झालं की तुमच्यापासून कोणाला लागत नाही, हे घरी नीट सांगा."

"म्हणजे महारोग," मी म्हणालो.

"तो जुना शब्द. आता कोणी वापरत नाही."

"मी वापरलाय," मी म्हणालो. तिला वाटले म्हातारा गंमत करतो आहे. ती हसली आणि गोळ्यांचे पाकीट पुढे केले.

नसांचो आजार

परत येताना गाडीत प्रसादने आधी काचा वर केल्या. मग म्हणाला, "बाबा, कोणाक काय बोलू नकात."

"काय बोलू नको?"

"नाव घेव नकात तेचा. नसांचो आजार म्हणान सांगा. खोटा थोडाच आसा? नसांचोच तो."

खोटे नव्हतेच. वैद्यकाच्या दृष्टीने त्याचे वाक्य अगदी नेमके होते. नेमक्या शब्दांनी खोटे बोलण्याची कला त्याने बहुधा माझ्याकडूनच घेतली असावी.

पहिली मात्रा घेतली त्या दिवशी लघवी लाल झाली. डॉक्टरणीने आधी सांगितले होते, तरी जीव उडाला. काही महिन्यांत कातडी काळवंडली, तेही औषधानेच. हे दोन्ही जाते, घाबरू नये. पण घरातली माणसे ज्या रीतीने बदलतात त्यावर पाकिटात काही लिहिलेले नसते. मेधाने मला वाढणे सोडले नाही, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. मात्र स्वयंपाकघरात शिरू लागलो की "तुमी बसा बाबा, मी करतंय" असे ती इतक्या गोडीने म्हणायची की मी उंबऱ्यावरूनच परतायचो. नातीचा अभ्यास माझ्या खोलीत व्हायचा, तो बाहेर ओटीवर होऊ लागला. "हंय उजेड बरो आसा," हे कारण. उजेड खरोखरच बरा होता.

पाहुणे आले की मी मागच्या खोलीत. एकदा पुण्याच्या एका बाईने मला पाहिलेच. "आजोबा किती रापलेत! मासेमारीला जातात का?" प्रसाद म्हणाला, "हो, अजून जातात." होडीत पाय ठेवला की मला मळमळते, हे अख्ख्या देवबागला ठाऊक आहे. त्या दिवसापासून पाहुण्यांसाठी मी दर्यावर्दी झालो. मेधा तोंडाला पदर लावून हसली, मीही हसलो. त्या वर्षात आम्ही तिघे एकत्र हसलो असे ते बहुतेक एकदाच.

पंगत

मधेच हात सुजला आणि नसांमध्ये अशा कळा सुरू झाल्या की मला जिल्ह्याच्या रुग्णालयात ठेवावे लागले. याला प्रतिक्रिया म्हणतात. औषध चालू असतानाही ती येते. म्हणजे औषध चुकले असे नव्हे. गोळ्या सोडू नयेत.

वॉर्डात सकाळी हात कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा, तेल लावायचे, मग बोटे एकेक करून सरळ करायची. डाव्या करंगळीला मी एखाद्या मठ्ठ पोराला सांगावे तसे रोज सांगत असे. शेजारच्या खाटेवर फोंडाघाटचा बाबी होता, बाजारात हॉटेल चालवणारा. साखरेने त्याचा पाय चिघळला होता.

"मास्तर, तुमका काय?"

"नसांचो आजार."

"माका शुगर," तो ऐटीत म्हणाला. "आमच्या घराण्यातच आसा. आज्याक हुती, बापाशीक हुती."

शुगर ही जणू जमीनजुमल्यासारखी वारशाने आली होती. मला राहवले नाही. मी त्याला महारोग या शब्दाची गोष्ट सांगितली. ती इथेही सांगतो.

जुन्या वैद्यांनी आठ आजारांना मिळून हे मोठे नाव दिले होते. हटत नाहीत, माणसाला पुरून उरतात, म्हणून महा. त्या पंगतीत मूळव्याध होती, भगंदर होते, मुतखडा होता, पोटात पाणी होणे होते, वात होता, अडलेले बाळंतपण होते. प्रमेह होता, ज्यात आजचा मधुमेह येतो. आणि कुष्ठ. कुष्ठ म्हणजेही एक रोग नव्हे. नायटा, खरूज, पांढरे डाग, गळणारी बोटे, कातडीचे जे काही बिघडेल ते सगळे त्या नावाखाली. मोठी सात आणि धाकटी अकरा अशी अठरा कुष्ठे ते मोजत. काही जण तो शब्द कुरतडण्याच्या अर्थाशी जोडत. गंमत म्हणजे कुष्ठ याच नावाची एक औषधी मुळी होती आणि ती कातडीच्या रोगांवर देत. रोग आणि उतारा एकाच नावाने राहत होते.

मग पंगत उठली. मूळव्याधवाला उठून गेला, मुतखडेवाला गेला, साखरवाला तर चहा बिनसाखरेचा द्या म्हणून चारचौघांत सांगू लागला. महारोग हे नाव एकट्या कुष्ठवाल्याच्या पानावर राहिले. आणि तोही नुसता रोग राहिला नाही. मागल्या जन्माचे पाप, कुळाचा डाग, वेशीबाहेरची झोपडी हे सगळे त्या शब्दात येऊन बसले. अगदी अलीकडेपर्यंत नवराबायकोने काडीमोड घ्यायला हे कारण कायद्याला पुरत होते. सरकारने नंतर शब्द बदलला, कुष्ठरोग म्हणा म्हणून सांगितले. पाटी बदलली. घर तेच राहिले.

बाबी सगळे ऐकून खदखदून हसला. "म्हंजे मी पण महारोगी? बायलेक सांगूक व्हया." मग माझ्या हाताकडे बघून हळूच म्हणाला, "मास्तर, तुमचो खयचो?"

मी सांगितले. घराबाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच.

तो कोपरावर उठला. मग उशाखालचा चण्यांचा पुडा काढून माझ्यापुढे धरला. "घेवा. एकाच पंगतीतले आपण."

त्या चण्यांची चव मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली, बाबीने तिला ही गंमत सांगितली आणि दुपारी तिने सिस्टरला विनवून त्याची खाट दुसऱ्या टोकाला हलवून घेतली. जाताना बाबीने हात केला.

व्हय म्हाराजा

आता वहिनीचे.

आमच्या देवळात जत्रेच्या दिवशी गाऱ्हाणे घालण्याचा मान आमच्या घराकडे आहे. सगळी वाडी जमते, मानकरी देवापुढे उभा राहून मोठ्याने मागणे मागतो आणि प्रत्येक मागण्याला लोक एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. काय मागितले याचा विचार कोणी करत नाही. होकार द्यायचा, हीच रीत.

वडील गेल्यावर हा मान माझ्याकडे आला, कारण थोरला भाऊ बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा येणारा. वहिनी आमच्यात राहायची. तिच्या बोटांवर पांढरे डाग उठले, मग ओठांवर. मालवणच्या डॉक्टरांनी पाहून स्पष्ट सांगितले होते की हे कोड आहे. रंग जातो, बाकी काही होत नाही, कुणाला लागत नाही. तिला दवाखान्यात घेऊन मीच गेलो होतो. म्हणजे मला माहीत होते.

पण त्या वर्षी घरात एकामागून एक वाईट घडत होते. माझे पहिले मूल पाळण्यातच गेले. आई उठताबसता वहिनीच्या हातांकडे बघायची. आणि मी नवा मास्तर, शब्दांची भारी हौस. कोड हा शब्द कुष्ठाचाच नातू, उत्तरेकडे तर त्याच नावाने बोटे झडणारा रोग ओळखतात, हे मी कुठेतरी वाचले होते आणि घरात आईला ऐटीने सांगितले होते. आई म्हणाली, "म्हंजे एकच ता." मी नाही म्हटले नाही.

जत्रेला गाऱ्हाण्यात मी म्हणालो, "बा देवा म्हाराजा, जो काय महारोग माझ्या घरात शिरलो हा, तो घराभायर घाल रे म्हाराजा."

कोड म्हणता आले असते. पण कोड हा शब्द देवळात हलका वाटला. महारोग घुमला. त्या घुमण्यासाठी मी तो वापरला, दुसरे कारण शोधून सापडत नाही.

"व्हय म्हाराजा," सगळी वाडी म्हणाली. बायकांच्या घोळक्यात वहिनी उभी होती. तिच्या आजूबाजूच्या बायका सरकल्या. तीही तोंडातल्या तोंडात व्हय म्हाराजा म्हणाली असणार, कारण रीतच तशी.

एकदा देवापुढे नाव घेतले की ते मागे घेता येत नाही. डॉक्टरांचे म्हणणे मग कुणाला ऐकायचे नव्हते. विहिरीवर तिची कळशी कोणी उचलून देईना. पावसाळ्याआधी तिचा भाऊ येऊन तिला दोडामार्गला घेऊन गेला. माझा भाऊ सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, "देवळात बोलला गेला, आता गावाच्या आड कसो जाव?" तो तिला आणायला गेला नाही. तिच्याशिवायच तो म्हातारा झाला आणि वारला. दरवर्षी गाऱ्हाणे मीच घालत राहिलो. घर निरोगी असल्याबद्दल देवाचे आभारही मानत राहिलो.

या वर्षीचे गाऱ्हाणे

आरोग्य खात्याची माणसे घरातल्यांची तपासणी करायला आली आणि वाडीला कळायचे ते कळले. कोणी तोंडावर बोलले नाही. प्रसादच एके दिवशी म्हणाला, "थोरल्या काकीचोच हो. तिच्याकडसूनच इलो असतलो. आजी सांगी."

"तिका कोड हुता, रे. कोड लागना नाय."

"एकच ता, बाबा."

माझ्या रोगाने माझ्या खोट्याला पुरावा दिला होता. गप्प राहिलो असतो तर वहिनी दुसऱ्यांदा आणि कायमची महारोगी ठरली असती. हा रोग मला कुठून आला हे मला माहीत नाही, डॉक्टरणीलाही नाही. तो वर्षानुवर्षे अंगात गप्प बसू शकतो. वहिनीकडून आला नाही एवढे मात्र नक्की, कारण तिच्याकडे तो नव्हताच.

जत्रा आली. प्रसाद म्हणाला, "ह्या वर्सा गाऱ्हाना दुसऱ्याक घालूंदे. तुमची तब्येत बरी नाय, म्हणान सांगतंय मी." मी गेलो. बोललो.

"बा देवा म्हाराजा, ह्याच देवळात उभो रवान मी माझ्या वयनीक महारोगी केलंय. ता खोटा. तिका कोड हुता. महारोग आज माका झालो हा, नि औषधान तो बरो होता हा. माझी वयनी निर्मळ आसा, असा ह्या सगळ्या लेकरांका समजूं दे रे म्हाराजा."

मी थांबलो. लोकांनी म्हणायची जागा होती ती. समईची वात तडतडली. ढोलवाल्याने ढोलाचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. कोणी काही म्हणाले नाही.

मग शेजारी उभा असलेला दुसऱ्या घरचा मानकरी पुढे झाला, घसा खाकरला आणि म्हणाला, "आणि जी काय इडापिडा आसा ती दूर करून सगळ्यांचा बरा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," देऊळ दणाणले.

बाहेर चपला घालताना प्रसाद म्हणाला, "झाला समाधान? आता मोसमात कोण येता ता बघा." त्याचा राग खोटा नव्हता. लोक कमी आले हेही खरे आहे.

दोडामार्ग

प्रसादने गाडी दिली नाही. एसटीने गेलो. वहिनीचा भाऊ आता नाही. त्याचा मुलगा कृष्णा गोव्यात नोकरी करतो, रोज जाऊन येतो. रविवार होता म्हणून घरी होता. घराभोवती काजू, मागे रबराची झाडे.

वहिनी पडवीत बसली होती. कोड सर्वांगावर पसरून ती आता एकसारखी पांढरी झाली होती. डाग शोधायचेच तर तिच्या मूळ सावळ्या रंगाचे दिसत, कपाळावर एक आणि कोपरापाशी एक. बोटे सगळी जागच्या जागी, सरळ. माझी करंगळी वाकलेली.

"वयनी, मी. धाकटो."

तिने नीट पाहिले. "भावजी. म्हातारे झालात."

"तुमी बऱ्या दिसतास."

"बरी कित्याक नसतलंय? माका झाला काय हुता?"

मी खाली बसलो. माझ्या आजाराचे सांगितले, देवळात काय बोललो ते सांगितले. लोक गप्प राहिले तेही. तिने मधे एकदाही मान हलवली नाही.

"देवाक कित्याक सांगितलात?" शेवटी ती म्हणाली. "देवाक म्हायत हुता."

"मग कोणाक सांगू?"

तिने हनुवटीने आतल्या दाराकडे दाखवले. "थंय सांगा."

तेव्हा माझे लक्ष गेले. पडवीच्या फळीवर एक ताट, एक वाटी, एक पेला पालथे घातलेले होते. माहेरी आल्यापासून ती इथे जेवत होती. आमच्या देवळातला होकार दोडामार्गापर्यंत पोचला होता आणि तिचा सख्खा भाऊ तो मोडू शकला नव्हता.

मी आत गेलो. कृष्णा आणि त्याची बायको दोघे होते. सगळे पुन्हा सांगितले, डॉक्टरांनी तेव्हा काय म्हटले होते इथपासून.

"आमी खंय काय मानतो?" कृष्णा म्हणाला. "आतेक आमी कधी काय कमी केलंव नाय."

"मग ती भायर कित्याक जेवता?"

तो भिंतीकडे बघू लागला. "ता पयल्यापासून तसाच आसा."

त्याची बायको गॅसपाशी उभी होती. तिने सरळ विचारले, "म्हंजे आतेक काय नाय?"

"काय नाय. अंगाचो रंग गेलो, तितक्याच."

"मग रोग कोणाक?"

"माका. पण गोळये चालू आसत. माझ्याकडसून आता कोणाक लागना नाय."

दुसरे वाक्य तिच्या कानापर्यंत पोचले की नाही, सांगता येत नाही.

मी पडवीत येऊन बसलो. म्हणालो, "वयनी, माका माफ—"

"ता रवांदे," ती म्हणाली.

थोड्या वेळाने कृष्णाची बायको चहा घेऊन आली. थाळीत घरातले निळ्या फुलांचे कप होते. एक तिने कृष्णाला दिला. एक वहिनीच्या हातात दिला. फळीवरच्या पेल्याकडे तिने पाहिले नाही. माझ्यासाठी कागदी पेला होता, काजूच्या हंगामात कामाला येणाऱ्या माणसांसाठी आणून ठेवतात त्यातला. तो तिने माझ्या हातात दिला नाही. शेजारी जमिनीवर ठेवला.

मी तो उचलला. काही म्हणालो नाही. म्हणायला हवे होते, या आजाराच्या कोणाही माणसाने अशा वेळी गप्प बसू नये. पण त्या दिवशी तो हिशेब मला चुकीचा वाटला नाही.

वहिनीने कप दोन्ही हातांत धरला. फिरवून फुले पाहिली नाहीत, कौतुक केले नाही, माझ्याकडेही पाहिले नाही. एक घोट घेतला आणि आतल्या बाजूला मान वळवून घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या हक्काने म्हणाली,

"च्यायेत साखर कमी पडली गो."